दीर्घकालीन वेदना आणि नैराश्य

दीर्घकालीन वेदना आणि नैराश्य यांचा मेंदूतील संबंध हा चेताविज्ञान, मानसोपचार आणि वेदनावैद्यक या शाखांच्या सीमेवरील अभ्यासविषय आहे. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुन्हापुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेस दीर्घकालीन वेदना म्हणतात. अशी वेदना असणाऱ्यांत नैराश्याचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच अधिक आढळते, आणि नैराश्याच्या रुग्णांतही अंगदुखी, डोकेदुखी, पाठदुखी अशा तक्रारी मोठ्या प्रमाणावर असतात. दुखण्याने माणूस खचतो एवढ्याने या संबंधाचा उलगडा होत नाही. वेदना आणि मनःस्थिती यांचे नियमन करणारी मेंदूतील केंद्रे, चेतामार्ग व रासायनिक संदेशवाहक बऱ्याच अंशी एकच आहेत, असे गेल्या काही दशकांच्या संशोधनातून दिसून आले आहे.

महाराष्ट्रात हा विषय पूर्व विदर्भात विशेष महत्त्वाचा ठरतो. भंडारा, गोंदिया, नागपूर, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत सिकलसेल हा वेदनाकारक आनुवंशिक रक्तविकार मोठ्या प्रमाणावर आढळतो, आणि येथील धानशेती व खाणकाम यांत पाठीच्या कण्यावर पडणारा ताणही मोठा आहे.

संज्ञा आणि व्याप्ती

आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने १९७९ मध्ये केलेल्या आणि २०२० मध्ये सुधारलेल्या व्याख्येनुसार वेदना हा संवेदनेचा आणि भावनेचा मिळून बनलेला अप्रिय अनुभव आहे. शरीराला प्रत्यक्ष इजा झालेली असेलच असे नाही. व्याख्येतील ‘भावना’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण तपासणीत इजा सापडली नाही म्हणून वेदना खोटी ठरविण्यास ही व्याख्या वाव ठेवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत दीर्घकालीन वेदनेला प्रथमच स्वतंत्र स्थान मिळाले. तिच्यात ‘प्राथमिक दीर्घकालीन वेदना’ असा एक गटही आहे, म्हणजे ज्यात वेदना हाच आजार असतो.

२००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुउद्धृत आढाव्यात नैराश्याच्या रुग्णांपैकी सरासरी ६५ टक्के रुग्णांना वेदनेची तक्रार असल्याचे नोंदविले आहे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५० देशांतील अभ्यास एकत्र करणाऱ्या विश्लेषणात दीर्घकालीन वेदना असलेल्या प्रौढांपैकी सुमारे ४० टक्के व्यक्तींमध्ये नैराश्याची लक्षणीय चिन्हे आढळली.

वेदनेचा मेंदूपर्यंतचा प्रवास

त्वचा, स्नायू, सांधे व अंतर्गत अवयवांतील वेदनाग्राही चेतातंतू इजेचा संदेश मेरुरज्जूच्या मागील शृंगापर्यंत आणतात. तेथून तो मुख्यतः दोन वाटांनी वर जातो. एक वाट थॅलॅमसमधून संवेदी बाह्यकाकडे जाते. दुखणे कोठे आहे, किती तीव्र आहे, ठणका आहे की जळजळ, हे तेथे ठरते. दुसरी वाट थॅलॅमसचा मध्यभाग आणि मस्तिष्कस्तंभातील केंद्रे यांच्यामार्फत इन्सुला, अग्र सिंग्युलेट बाह्यक आणि अमिग्डाला या भागांकडे जाते. वेदना ‘नकोशी’ वाटते ती या दुसऱ्या वाटेमुळे.

या दोन अंगांची फारकत होऊ शकते, हे विसाव्या शतकातील शस्त्रक्रियांतून लक्षात आले. असाध्य वेदनेसाठी सिंग्युलेट भागाचा काही अंश निकामी केलेल्या रुग्णांपैकी काही जण, दुखते आहे पण त्याचा पूर्वीसारखा त्रास होत नाही, असे सांगत. १९९७ मध्ये संमोहनाचा वापर करून झालेल्या प्रयोगातही असेच दिसले. वेदनेचा नकोसेपणा सूचनेने कमी-जास्त केला असता अग्र सिंग्युलेट बाह्यकाची क्रिया त्याप्रमाणे बदलली, प्राथमिक संवेदी बाह्यकाची मात्र बदलली नाही. हाच अग्र सिंग्युलेट भाग नैराश्याच्या अभ्यासातही पुन्हापुन्हा समोर येतो.

संदेश केवळ वर जात नाही, खालीही येतो. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या ‘द्वार-नियंत्रण’ सिद्धांताने मेरुरज्जूत वेदनासंदेश अडविला वा सोडला जातो ही कल्पना रुजविली. या द्वारावर मेंदूचेही नियंत्रण असते. मध्यमस्तिष्कातील जलवाहिनीभोवतीचे करडे द्रव्य, लंबमज्जेतील काही केंद्रे आणि लोकस सेरुलियस येथून निघणारे चेतातंतू सेरोटोनिन, नॉरॲड्रेनॅलिन व शरीरातील नैसर्गिक अफूसदृश द्रव्ये यांच्या साहाय्याने वेदना दाबतात. काही परिस्थितीत वाढवितातही. सेरोटोनिन व नॉरॲड्रेनॅलिन हीच द्रव्ये मनःस्थितीच्या नियमनाशी निगडित आहेत. ही अवरोही यंत्रणा दुबळी पडली की एरवी जाणवलेही नसते असे शारीरिक संदेश वेदना म्हणून जाणिवेत येऊ लागतात. नैराश्यात ‘सगळे अंग दुखते’ या तक्रारीचे एक शास्त्रीय स्पष्टीकरण यातून मिळते.

मेंदूतील सामायिक यंत्रणा

प्रेरणा व बक्षीस यांचे मंडल. न्यूक्लियस ॲकम्बन्स हे मेंदूच्या खोल भागातील केंद्र डोपामिनच्या साहाय्याने आनंद, अपेक्षा व प्रयत्न करण्याची इच्छा यांचे नियमन करते. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील ए. व्हानिया अपकारियन यांच्या गटाने नुकतीच पाठदुखी सुरू झालेल्या रुग्णांचा वर्षभर पाठपुरावा करून २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मध्य प्रीफ्रंटल बाह्यक आणि न्यूक्लियस ॲकम्बन्स यांच्यातील कार्यात्मक जोड ज्यांच्यात सुरुवातीपासूनच अधिक घट्ट होती, त्यांची पाठदुखी दीर्घकालीन होण्याची शक्यता अधिक होती. त्याच गटाच्या २०१३ मधील अभ्यासात, वेदना जुनी होत जाते तशी तिच्याशी संबंधित मेंदूक्रिया संवेदनेच्या केंद्रांकडून भावनेच्या केंद्रांकडे सरकते, असे दिसले. पाठीचे दुखणे तेच राहते. मेंदूतील त्याचे घर मात्र बदलते. नैराश्यातील ‘कशातच गोडी न वाटणे’ हे लक्षण याच मंडलाच्या मंदावण्याशी जोडले जाते.

प्रीफ्रंटल बाह्यक आणि हिप्पोकॅम्पस. अपकारियन यांच्या गटाने २००४ मध्ये दीर्घकालीन पाठदुखीच्या रुग्णांत मेंदूच्या बाह्यकातील करडे द्रव्य निरोगी व्यक्तींपेक्षा ५ ते ११ टक्के कमी असल्याचे नोंदविले. ही घट सर्वसाधारण वार्धक्याच्या १० ते २० वर्षांत होणाऱ्या घटीएवढी आहे, अशी तुलना त्यांनी केली. ‘वेदनेने मेंदू झिजतो’ असा तिचा सरधोपट अर्थ पुढे प्रचलित झाला, तो मात्र योग्य नाही. २०११ मधील एका अभ्यासात पाठदुखीवर परिणामकारक उपचार झालेल्या रुग्णांत प्रीफ्रंटल बाह्यकाच्या वरच्या बाहेरील भागाची जाडी पुन्हा वाढलेली आढळली. म्हणजे हा बदल निदान काही अंशी भरून येणारा आहे. याच भागाची क्रिया नैराश्यातही मंदावते. हिप्पोकॅम्पसचे आकारमान घटल्याचे निष्कर्ष दोन्ही विकारांत मिळतात. नव्या परिस्थितीला जुन्या भीतीपासून वेगळे ओळखण्याचे काम या भागाचे असल्याने, हालचाल केली की दुखेलच ही धास्ती सुटत नाही, असे मानले जाते.

अमिग्डाला आणि हॅबेन्युला. अमिग्डाला हे धोका व भीती यांचे केंद्र वेदनासंदेश थेट मिळवते, आणि दीर्घकालीन वेदनेत त्याची उत्तेजनक्षमता वाढते. हॅबेन्युला हे लहानसे केंद्र अपेक्षाभंग व शिक्षा यांना प्रतिसाद देते आणि डोपामिन स्रवणाऱ्या पेशींना आवर घालते. २०१९ मध्ये चिनी संशोधकांनी उंदरांत मस्तिष्कस्तंभातील सेरोटोनिन-पेशींपासून अमिग्डालामार्गे हॅबेन्युलापर्यंत जाणारे एक मंडल वर्णिले. चेतावेदना दीर्घकाळ राहिल्यावर या मंडलाची क्रिया बदलते, आणि ते कृत्रिमरीत्या पूर्ववत केल्यास प्राण्यांतील नैराश्यसदृश वर्तन कमी होते. फ्रान्समधील २०१५ च्या प्रयोगात उंदरांचा अग्र सिंग्युलेट बाह्यक निकामी केल्यावर चेता-इजेमुळे आलेली स्पर्शाची अतिसंवेदनशीलता तशीच राहिली. चिंता व नैराश्य यांच्यासारखे वर्तन मात्र दिसेनासे झाले. उंदराच्या वर्तनाला ‘नैराश्य’ म्हणावे का, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून अशा निष्कर्षांचे माणसांवर थेट आरोपण केले जात नाही.

दाह. इजा वा जुनाट आजारात स्रवणारे सायटोकाइन गटातील प्रथिनरेणू रक्तातून व चेतातंतूंमार्फत मेंदूपर्यंत परिणाम पोहोचवितात. त्यांच्यामुळे मरगळ, झोप, अन्नाची अनिच्छा, एकटे राहण्याची वृत्ती आणि अंगदुखी असा आजारपणाचा सर्वपरिचित अनुभव येतो. साध्या तापात तो काही दिवसांत ओसरतो. दाह ओसरला नाही तर ही अवस्था आणि नैराश्य यांतील सीमारेषा पुसट होते. यकृतदाहावर इंटरफेरॉन-अल्फा हे औषध घेणाऱ्या अनेक रुग्णांना उपचाराच्या काळातच नैराश्य येत असे, हा या दुव्याचा माणसांतील ठळक पुरावा आहे. दाहामुळे सेरोटोनिनचा कच्चा माल असलेले ट्रिप्टोफॅन कायन्युरेनिन मार्गाकडे वळते आणि तेथे क्विनोलिनिक आम्लासारखी चेतापेशींना अति उत्तेजित करणारी द्रव्ये तयार होतात, ही त्यामागील एक रासायनिक वाट आहे.

वाढघटक आणि ताणसंप्रेरके. मेंदूजन्य चेतापोषक घटक हे प्रथिन चेतापेशींतील जोडण्या टिकविते. नैराश्यात हिप्पोकॅम्पसमध्ये ते कमी होते; चेता-इजेनंतर मेरुरज्जूत मात्र सूक्ष्मश्लेष पेशींनी स्रवलेल्या याच प्रथिनामुळे वेदनेचे दमन करणारे संकेत निष्प्रभ होतात. एकच रेणू एके ठिकाणी कमी पडून आणि दुसऱ्या ठिकाणी जास्त होऊन अपाय करतो, हे ध्यानात घेतल्यास एखादे द्रव्य सरसकट वाढवून दोन्ही विकार का बरे होत नाहीत ते कळते. सततच्या वेदनेने हायपोथॅलॅमस, पीयूषिका व अधिवृक्क ग्रंथी यांची ताणसाखळीही बिघडते आणि कॉर्टिसॉलची दैनंदिन लय विस्कळीत होते.

यांखेरीज झोपेचा वाटा मोठा आहे. अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवशी वेदनेचा उंबरठा खाली येतो, आणि निद्रानाश हे नैराश्याचे लक्षणही आहे व पूर्वसूचकही.

आधी काय

वेदनेमुळे नैराश्य येते की नैराश्यामुळे वेदना, या प्रश्नाचे एकच उत्तर नाही. अमेरिकेतील प्राथमिक आरोग्यसेवेतील रुग्णांचा १२ महिने पाठपुरावा करून २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वेदनेतील बदलावरून पुढील काळातील नैराश्याचा आणि नैराश्यातील बदलावरून पुढील काळातील वेदनेचा अंदाज बांधता येतो, असे आढळले. परिणाम दोन्ही दिशांनी होतो. त्याला समान आनुवंशिक प्रवृत्ती, बालपणीचे आघात, दारिद्र्य व कौटुंबिक हिंसा अशा सामायिक कारणांची जोड असते.

सामाजिक बहिष्काराने दुखावल्यावरही अग्र सिंग्युलेट बाह्यक सक्रिय होतो, या २००३ मधील प्रयोगावरून ‘मनाचे दुखणे आणि शरीराचे दुखणे मेंदूला सारखेच’ असे लोकप्रिय विधान प्रचलित झाले. पुढील सूक्ष्म विश्लेषणांत, जागा एक असली तरी त्या जागेतील क्रियेचे आकृतिबंध वेगळे असतात, असे दिसले.

पूर्व विदर्भातील स्थिती

आंबागड हे भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेले गाव तेथील जुन्या किल्ल्यासाठी ओळखले जाते. या तालुक्यात धान हे मुख्य पीक असून चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. पावसाळ्यात धानाची रोवणी चिखलात तासन्‌तास कमरेत वाकून केली जाते आणि ती प्रामुख्याने स्त्रिया करतात. बिडी वळण्याच्या कामात बैठक व मानेची ठेवण दीर्घकाळ तशीच राहते. शारीरिक ताण, अनिश्चित मजुरी व अपुरी विश्रांती एकत्र आल्यास साधी पाठदुखी दीर्घकालीन होण्यास अनुकूल परिस्थिती निर्माण होते. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ग्रामीण भागातील पाठ, मान व गुडघ्यांच्या दुखण्याचा अभ्यास हाती घेतला.

सिकलसेल हे या भागातील दीर्घकालीन वेदनेचे सर्वांत स्पष्ट उदाहरण होय. भारतात या विकाराची नोंद १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींत झाली. मध्य भारतातील नोंद नागपूर येथील शुक्ला व सोळंकी यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केली. हिमोग्लोबिनच्या एका घटकबदलामुळे ऑक्सिजन कमी पडताच तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या व ताठर होतात आणि सूक्ष्म रक्तवाहिन्या अडवितात. थंडी, निर्जलीकरण, संसर्ग वा अतिश्रम यांमुळे हाडे, छाती, पोट यांत अचानक तीव्र वेदना उसळते. वयाबरोबर मांडीच्या हाडाचे डोके रक्तपुरवठ्याअभावी झिजणे अशा गुंतागुंती होतात. दोन प्रसंगांच्या मधल्या काळातही अनेक रुग्णांचे दुखणे थांबत नाही. पुन्हापुन्हा येणाऱ्या तीव्र वेदनेने मेरुरज्जू व मेंदू यांची वेदनासंवेदना वाढते, शरीरात सौम्य दाह सतत चालू राहतो, आणि शाळा, मजुरी, विवाह यांत खंड पडतो. वर वर्णिलेल्या बहुतेक यंत्रणा या एका आजारात एकत्र येतात. विविध देशांतील अभ्यासांत सिकलसेलच्या रुग्णांत नैराश्याचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा जास्त आढळले आहे, आणि नैराश्य असलेल्या रुग्णांना वेदनेचे दिवसही अधिक असतात.

या रुग्णांची एक विशेष अडचण अशी की तीव्र वेदनेच्या वेळीही बाहेरून काही दिसत नाही. जखम नसते, सूज असतेच असे नाही. त्यामुळे कामचुकारपणा, सोंग किंवा ‘मनाचा कमकुवतपणा’ असा शिक्का घरात, शाळेत आणि कधी रुग्णालयातही बसतो. हा अविश्वास नैराश्याला पोषक ठरतो आणि रुग्ण उपचारासाठी येण्याचे टाळू लागतो. दिव्यांगजन हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सिकलसेलचा समावेश झाल्याने अशा ‘न दिसणाऱ्या’ अक्षमतेला कायद्याची मान्यता मिळाली. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला. त्याचे उद्दिष्टवर्ष २०४७ आहे. अभियानाचा मुख्य भर तपासणी व समुपदेशन यांवर आहे. हे समुपदेशन प्रामुख्याने विवाहपूर्व व आनुवंशिक स्वरूपाचे असते. वेदना व मनःस्थितीचा प्रश्न त्यात ओघानेच येतो.

निदानातील अडचणी

जागतिक आरोग्य संघटनेच्या १४ देशांतील अभ्यासात (१९९९) प्राथमिक आरोग्यसेवेत आलेल्या नैराश्याच्या रुग्णांपैकी ६९ टक्के रुग्णांनी भेटीचे कारण म्हणून केवळ शारीरिक तक्रारी सांगितल्या. प्रत्यक्ष विचारल्यावर त्यांतील बहुतेकांनी मानसिक लक्षणेही मान्य केली. ‘आपल्याकडील लोक मनाचे दुखणे शरीराच्या भाषेत सांगतात’ हे विधान त्यामुळे अर्धेच खरे ठरते: ही पद्धत जगभर आहे, आणि विचारले तर लोक सांगतात. गोव्यात विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी केलेल्या लोकसंख्याधारित अभ्यासात (२००५) स्त्रियांच्या अंगावरून पांढरे जाण्याच्या तक्रारीचा संबंध जननमार्गाच्या संसर्गापेक्षा मानसिक व सामाजिक ताणाशी अधिक दृढ असल्याचे आढळले. याचा दुसरा धोकाही आहे. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राणी बंग व सहकाऱ्यांच्या गडचिरोलीतील अभ्यासात तपासलेल्या ग्रामीण स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक वा लैंगिक आजार होता. तपासणी न करता तक्रार मनावर ढकलणे हे, केवळ शरीर तपासून मन वगळण्याइतकेच सदोष आहे.

नैराश्याच्या प्रश्नावल्यांत झोप, भूक व थकवा यांविषयी प्रश्न असतात. वेदना वा रक्तक्षय यांमुळेही ही लक्षणे दिसतात. त्यामुळे अशा रुग्णांत सततची उदासी, रस नाहीसा होणे, अपराधी वाटणे व जगणे नकोसे वाटणे यांविषयीची विचारपूस अधिक निर्णायक ठरते. दीर्घकालीन वेदनेत आत्महत्येचा धोका वाढतो. त्याविषयी थेट विचारल्याने तो विचार बळावत नाही.

उपचार

दोन्ही विकारांवर एकत्र उपचार करणे अधिक फलदायी मानले जाते. सेरोटोनिन व नॉरॲड्रेनॅलिन या दोहोंवर परिणाम करणारी औषधे वेदनेवर उपयोगी ठरतात. केवळ सेरोटोनिनवर काम करणाऱ्या औषधांचा वेदनेवरील प्रभाव तुलनेने कमी असतो. ड्युलोक्सेटिन या औषधास अमेरिकेत २००४ मध्येच नैराश्य आणि मधुमेहजन्य चेतावेदना या दोहोंसाठी मान्यता मिळाली. ॲमिट्रिप्टिलिन हे जुने व स्वस्त औषध नैराश्यासाठी लागणाऱ्या मात्रेपेक्षा बऱ्याच कमी मात्रेत वेदना कमी करते. यावरून त्याचा वेदनाशामक गुण केवळ ‘मन बरे केल्याने’ येत नाही, हेही सिद्ध होते. रुग्णाला हे समजावून न सांगता औषध दिल्यास, ‘डॉक्टरांनी वेड्याची गोळी दिली’ या समजुतीने ते बंद केले जाण्याचा संभव असतो.

अफूजन्य औषधे तीव्र वेदनेत आवश्यक असली तरी दीर्घकालीन वापराने वेदनासंवेदना उलट वाढू शकते आणि नैराश्याचा धोकाही वाढतो. सिकलसेलमध्ये हायड्रॉक्सियुरिया हे औषध वेदनेचे प्रसंगच कमी करते. नागपूर येथील अभ्यासात त्याची कमी मात्राही परिणामकारक ठरली. चुंबकीय उद्दीपनाच्या उपचारात वेदनेसाठी मेंदूच्या हालचालीशी संबंधित बाह्यकावर, तर नैराश्यासाठी प्रीफ्रंटल बाह्यकावर चुंबकीय स्पंदने दिली जातात.

औषधेतर उपायांत हळूहळू वाढविलेला व्यायाम, झोपेची शिस्त आणि बोधात्मक वर्तनोपचार यांना चांगला आधार आहे. ‘दुखते म्हणून पडून राहणे’ हा सल्ला तीव्र इजेत योग्य, पण जुनाट पाठदुखीत बहुधा अपायकारक ठरतो, कारण निष्क्रियतेने स्नायू दुबळे होतात आणि बक्षीस-मंडलाला चालना देणारे अनुभवही घटतात. मजुरीवर पोट असणाऱ्यांचा प्रश्न मात्र वेगळा असतो: त्यांना हालचाल कमी नसते, विश्रांती कमी असते. त्यांच्यासाठी कामाची विभागणी, मधले विराम व अवजारांतील सुधारणा हाच उपचाराचा भाग होतो.

सेवांची उपलब्धता

महाराष्ट्रात ठाणे, पुणे, रत्नागिरी व नागपूर येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. भंडारा जिल्ह्यास नागपूरचे रुग्णालय जवळचे आहे. १९९६ मध्ये सुरू झालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा हेतू ही सेवा जिल्हा व तालुका पातळीवर नेण्याचा होता. मानसोपचारतज्ज्ञांच्या कमतरतेवर उपाय म्हणून प्रशिक्षित सामान्य कार्यकर्त्यांमार्फत समुपदेशन देण्याचे प्रयोग भारतात झाले आहेत. गोव्यातील ‘मानस’ (२०१०) या चाचणीत ही पद्धत शासकीय आरोग्य केंद्रांत उपयुक्त ठरली. विदर्भात अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत राबविलेल्या ‘विश्राम’ या कार्यक्रमात नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. या कार्यक्रमाचा रोख कृषिसंकट व आत्महत्या यांवर होता. दीर्घकालीन वेदना हे त्याचे स्वतंत्र लक्ष्य नव्हते. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहे.